मतांगीकारातली पहिली ओळ गाळली तर चालेल का? (दृढीकरणाच्या वर्गातला प्रश्न, मदत हवी)

संडेस्कूल_सर, नाशिक

सगळ्यांना सलाम. मी आमच्या चर्चमध्ये रविवारी उपासनेनंतर मुलांचा वर्ग घेतो, आठवी-नववी-दहावीची पोरं आहेत, पुढे त्यांचं दृढीकरण (मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी) आहे. पाठांतर सगळ्यांचं झालंय पण अर्थ कोणालाच सांगता येत नाही म्हणून यंदा प्रेषितांचा मतांगीकार (उपासनेत सगळे मिळून म्हणतो ती विश्वासाची कबुली, पहिली ओळ म्हणजे आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता सर्वसमर्थ देवपिता याच्यावर मी विश्वास ठेवतो) एकेक ओळ घेऊन शिकवायचं ठरवलं आणि पहिल्याच ओळीला गाडी अडकली.

एक मुलगी आहे नववीतली, हुशार आहे, उगाच फाटे फोडणारी नाही. ती म्हणाली, सर, येशू माझा तारणारा हे मला पटतं, मी रोज प्रार्थना करते, पण आकाश आणि पृथ्वी देवाने उत्पन्न केली हे मी नुसतं तोंडाने म्हणते, कारण शाळेत मला महास्फोट (बिग बँग) शिकवतात आणि ते मला खरं वाटतं, तर मी पहिली ओळ गाळून डायरेक्ट येशू ख्रिस्तापासून सुरुवात केली तर चालेल का? बाकीची पोरं हसली. मी पुढच्या रविवारी सांगतो म्हणून वेळ मारून नेली.

आता खरं सांगायचं तर मलाही नीट उत्तर सुचत नाहीये. मी अकाउंट्सचा माणूस. आमच्याकडे प्रवचनात क्रूस, रक्त, पापक्षमा हे दर रविवारी असतं आणि ते असायलाच पाहिजे, पण देव उत्पन्नकर्ता आहे हे वर्षातून एकदा हार्वेस्टला (पिकाच्या आभाराच्या सणाला) येतं, लोक कांदे-टोमॅटो-गहू आणतात, वेदीसमोर ढीग लागतो, एक स्तोत्र होतं आणि मग लिलाव आणि जेवण. म्हणजे आमच्या वागण्यावरून तरी ती मुलगी म्हणते तसंच आहे ना, ती ओळ गाळली तर कोणाला कळणारही नाही!

तर जाणकारांनी सांगावं की ही ओळ पहिली का आहे आणि तिच्यावाचून नक्की काय अडतं. विज्ञान विरुद्ध बायबल अशी हाणामारी नको प्लीज, पोरांना सांगता येईल असं काहीतरी द्या.

कॉलेजरोडवाला

सर एवढा लोड नका घेऊ, मीपण नववीत असले प्रश्न विचारायचो, आमच्या सरांनी ‘गप बस’ म्हणून सांगितलं आणि विषय संपला. आता मी रविवारी झोपतो. तुम्ही उत्तर शोधताय हेच खूप आहे.

शरणपूररोडचे_काका

सर, त्या मुलीला सांगा की तुझा प्रश्न १९०० वर्षं जुना आहे आणि रोममध्ये एका माणसाने तो नुसता विचारला नाही, त्यावर वेगळी मंडळीच उभी केली. मार्कियन त्याचं नाव, काळ्या समुद्राकाठच्या सिनोपचा, जहाजांचा धंदा होता. त्याचं म्हणणं असं की ज्या देवाने हे जग केलं तो वेगळा, खालच्या दर्जाचा, कडक, न्यायनिवाडा करणारा, आणि येशूचा पिता तो वेगळा, नुसत्या प्रेमाचा, ज्याचा ह्या मातीच्या जगाशी आधी काही संबंधच नव्हता. मग त्याने जुना करार अख्खा काढून टाकला, शुभवर्तमानांपैकी फक्त लूक ठेवलं तेही कापून, आणि पौलाची १० पत्रं. इ.स. १४४ च्या सुमाराला रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि त्याने दिलेली मोठी देणगी होती तीसुद्धा परत केली. (देणगी परत करणारी मंडळी, हे आजच्या कमिट्यांनी ऐकावं. असो.)

एक गंमत सांगतो, आपण जो प्रेषितांचा मतांगीकार म्हणतो त्याचं जुनं रोमन रूप आहे त्यात फक्त ‘सर्वसमर्थ देवपिता’ एवढंच आहे, ‘आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता’ हे शब्द मागाहून आले. पण म्हणून ती गोष्ट मागाहून आली असं नाही बरं का. दुसऱ्याच शतकात आयरेनियस नावाचा बिशप विश्वासाचा नेम सांगतो तेव्हा आकाश, पृथ्वी, समुद्र आणि त्यातलं सगळं करणारा एक देव इथूनच तो सुरुवात करतो. ३२५ साली बिशप मंडळी मतांगीकार ठरवायला निकीयाला जमली तेव्हाही दृश्य आणि अदृश्य सगळ्याचा कर्ता असं पहिल्याच वाक्यात घातलं, ३८१ ला कॉन्स्टँटिनोपलमध्ये आकाश आणि पृथ्वी हे शब्द त्यात आले.

आता अडतं काय ते. समजा उत्पन्नकर्ता दुसरा कोणी आहे, किंवा कोणीच नाही. मग येशू कोणाच्या घरात आला? आयरेनियसने हाच मुद्दा धरला की जग जर दुसऱ्याचं असेल तर ख्रिस्त परक्याच्या मालावर हात टाकायला आला असं होईल. प्रभुभोजनात आपण भाकर आणि द्राक्षरस घेतो, ते ह्याच मातीतून आलेलं असतं, ते घेऊन तो म्हणतो हे माझं शरीर. माती वाईट असेल किंवा परकी असेल तर हे बोलणंच खोटं पडतं. पुनरुत्थानाचंही तेच. शरीर हे चुकून झालेलं काहीतरी असेल तर तिसऱ्या दिवशी ते उठवायचं कशाला, आत्मा सुटला की बरंच झालं की! पण आपण मतांगीकारात शेवटी शेवटी म्हणतो की शरीराचं पुनरुत्थान आहे. पहिली ओळ गाळली की शेवटच्याही ओळी लटकतात.

आणि ती म्हणते येशूपासून सुरुवात करते, तर तिला योहानाचा पहिला अध्याय उघडून द्या, तिसरं वचन. सर्व काही त्याच्या द्वारे झालं. पौल कलस्सैच्या पत्रात १:१६ ला तेच म्हणतो. म्हणजे येशूपासून सुरुवात केली तरी दोन पावलांवर पुन्हा उत्पत्तीच लागते, सुटका नाही.

अजून एक, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या लोकांच्या डोक्यात उत्पन्नकर्ता म्हणजे फार पूर्वी एकदा काम करून मोकळा झालेला असं बसलंय. तसं नाहीये. लोडशेडिंगच्या काळातले लोक आहोत आपण, बल्ब कंपनीने कधी बनवला ह्याच्याशी आत्ताच्या उजेडाचा संबंध नसतो, आत्ता करंट येतोय म्हणून उजेड आहे, तिकडून बंद झाला की क्षणात अंधार. सृष्टी देवावर अशी टांगलेली आहे, आत्ता, ह्या मिनिटाला. पौल अथेन्समध्ये म्हणाला की त्याच्याच ठायी आपण जगतो, वागतो आणि आहोत, ते हेच. थॉमस अक्वायनस हा धर्मपंडित तर तेराव्या शतकात इथपर्यंत गेला की जगाला सुरुवात होती हे नुसत्या तर्काने सिद्ध करता येत नाही, समजा ते अनादि असतं तरी देवावर अवलंबून असलेलं म्हणून ते निर्माण केलेलंच म्हणावं लागलं असतं. सुरुवात होती हे तो वचनावरून मानत होता. म्हणजे महास्फोट कधी झाला आणि कसा झाला हा प्रश्न वेगळा आणि हे सगळं मुळात का आहे, कोणाच्या जिवावर आहे, हा वेगळा. मुलगी पहिल्याचं उत्तर शाळेत शिकतेय, शिकू द्या. मतांगीकार दुसऱ्याबद्दल बोलतोय.

वचनावर_उभा

प्रेज द लॉर्ड. काकांचा आदर ठेवून थोडं वेगळं सांगतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात संध्याकाळ झाली आणि सकाळ झाली असं दर वेळी लिहिलंय, निर्गम २०:११ मध्ये शब्बाथाचं (सातव्या दिवसाच्या विसाव्याचं) कारण देताना देव स्वतः सहा दिवस म्हणतो. प्रभू येशूने घटस्फोटाच्या प्रश्नावर उत्तर देताना, मत्तय १९ मध्ये, उत्पत्तीचाच आधार घेतला, ती गोष्ट आहे असं म्हणाला नाही. रोमकरांस ५ मध्ये पौल आदाम आणि ख्रिस्त समोरासमोर ठेवतो, आदाम खरा नसेल तर ती तुलना कशावर उभी राहते? आज पोरांना सांगितलं की पहिला अध्याय शब्दशः घ्यायचा नाही तर उद्या ती म्हणतील पुनरुत्थानही शब्दशः घ्यायचं नाही, मग काय सांगणार? विज्ञानाची पुस्तकं दर काही वर्षांनी बदलतात, वचन बदलत नाही. मला कोणाशी भांडायचं नाही पण ही बाजूही मुलांना कळली पाहिजे. आणि त्या मुलीसाठी प्रार्थना करतो, तिने मनातलं बोलून दाखवलं हे चांगलंच झालं.

अंबडची_इंजिनिअर

दादा तुमचा पुनरुत्थानाचा मुद्दा हलका नाही, तो मी शेवटी घेते. पण आधी नाशिकचंच बोलू ना. पांडवलेण्याला आपण सगळे पोरांना घेऊन जातो, ती लेणी ज्या काळ्या दगडात कोरलीत तो बेसॉल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून गार झाले त्याचा. अंजनेरी, ब्रह्मगिरी सगळा तोच दगड. सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे तिथे जा, ह्याच दगडाच्या पोकळ्यांमध्ये तयार झालेले झिओलाइटचे स्फटिक ठेवलेत, हिरवट, गुलाबी, पांढरे सुईसारखे, मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा तिथून हलवेना. हे सहा दिवसांत झालं असं मी माझ्या मुलाला सांगितलं तर तो एक तर माझ्यावर विश्वास ठेवणार नाही किंवा शाळेवर.

आणि शब्दशः न घेणं हे काही डार्विनला घाबरून सुरू झालेलं नाहीये. पोरं स्वतःच विचारतात बघा की सूर्य चौथ्या दिवशी केला तर पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ-सकाळ कशी झाली. हाच प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाच्या ख्रिस्ती धर्मपंडिताने विचारलाय. ऑगस्टीन नावाच्या बिशपने उत्पत्तीवर परत परत लिहिलं, तो म्हणाला हे दिवस कसले होते ते कळणं आपल्याला फार अवघड आहे, आणि जग काळाच्या आत निर्माण झालं नाही, काळ जगाबरोबरच निर्माण झाला. हे चौथ्या-पाचव्या शतकात! तेव्हा टेलिस्कोपही नव्हता. जगाची निर्मिती इ.स.पूर्व ४००४ ला झाली अशी तारीख काढणारे आर्चबिशप अशर त्यानंतर बाराशे वर्षांनी, १६५० च्या सुमाराला आले, म्हणजे कोणता विचार जुना ते बघा.

महास्फोटाचंही मुलीला सांगा सर, की ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडणारा माणूस बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता, जॉर्ज लमेत्र. १९२७ ला त्याने विश्व प्रसरण पावतंय असा पेपर लिहिला आणि १९३१ ला आदिम अणूची कल्पना मांडली. आज विश्वाचं वय साधारण १३८० कोटी वर्षं धरतात. आणि गंमत अशी की १९५१ मध्ये पोप बारावे पायस भाषणात म्हणाले की बघा विज्ञानाने निर्मितीला दुजोराच दिला, तर हे लमेत्र साहेबांनाच आवडलं नाही. त्यांचं म्हणणं की माझा सिद्धांत विज्ञान आहे, उद्या चुकीचा ठरू शकतो, त्यावर देवाला उभा करू नका. मला हा माणूस फार आवडतो. आपल्याकडे उलटं चालतं, व्हॉट्सअपवर रोज कुठला तरी शोध बायबलने आधीच सांगितला होता म्हणून फिरत असतो.

मग पहिला अध्याय आहे कशाला? बॅबिलोनची निर्मितीकथा शेजारी ठेवून वाचा. तिथे मार्दुक हा देव तियामत या देवीला मारतो, तिचं शरीर फाडून आकाश आणि पृथ्वी करतो, आणि एका मारलेल्या देवाच्या रक्तापासून माणूस बनवतो, कशासाठी, तर देवांची कामं उपसायला, देवांना आराम मिळावा म्हणून. इस्राएल लोक इ.स.पूर्व सहाव्या शतकात ह्याच बॅबिलोनमध्ये बंदिवान होते आणि बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे की हा अध्याय आज आहे त्या रूपात साधारण तेव्हाच आला. आता उत्पत्ती वाचा. मारामारी नाही, कोणाचं रक्त नाही, देव बोलतो आणि होतं. सूर्य-चंद्र ज्यांना तिकडे देव म्हणून पुजायचे त्यांची इथे नावंही घेतलेली नाहीत, मोठी ज्योती आणि लहान ज्योती, संपलं. दर वेळी चांगलं आहे, चांगलं आहे. आणि माणूस देवाचा वेठबिगार नाही, सातव्या दिवशी सुट्टी. मी शिफ्टमध्ये काम केलंय, त्यामुळे सुट्टी देणारा देव म्हणजे काय हे मला फार नीट कळतं.

आता दादांचं. पुनरुत्थानाचं लिखाण साक्षीदारांचं आहे, पौल १ करिंथ १५ मध्ये कोणाकोणाला दिसला ती यादी देतो, त्यातले बरेच अजून जिवंत आहेत म्हणतो, म्हणजे जाऊन विचारा. उत्पत्ती १ ला असा कोणी साक्षीदार असूच शकत नाही. दोन्ही लिखाणं एकाच प्रकारची नाहीत, म्हणून एक वेगळं वाचलं की दुसरं कोसळतं असं मला वाटत नाही. आदामाचा प्रश्न मात्र अवघड आहे, मान्य, त्यावर माझ्याकडे झटपट उत्तर नाही.

त्र्यंबकरोडचा_वारकरी

मी ख्रिस्ती नाही, निवृत्तीनाथांच्या गावाकडचा माळकरी आहे, पण धागा मनापासून वाचतोय, छान चाललंय. एक शंका विचारू का, वाद म्हणून नाही. तुमचा देव जगाच्या बाहेर उभा राहून जग करतो. आम्हाला लहानपणापासून जळी स्थळी काष्ठी पाषाणी हेच ऐकायची सवय. कोणी पटकन म्हणेल की तुम्ही हिंदू जगाला माया म्हणता, तर तसंही सरसकट नको, ज्ञानोबा माऊली जगाला चिद्विलास म्हणतात, त्या चैतन्याचाच खेळ, खोटं नाही म्हणत. आणि ऋग्वेदाचं नासदीय सूक्त तर शेवटी म्हणतं की हे कुठून झालं ते वर बसलेल्यालाच ठाऊक, किंवा त्यालाही ठाऊक नसेल. म्हणजे आमच्याकडे निर्मिती कोणी केली ह्यावर श्रद्धा अडलेलीच नाही, पांडुरंगावर प्रेम आहे बास. मग तुमच्याकडे देव आणि जग ह्यांच्यात एवढी रेघ मारण्याची गरज काय?

शरणपूररोडचे_काका

माऊली, फार चांगलं विचारलंत. रेघ आहे हे खरं, पण देव बाहेर उभा आहे असं मात्र नाही. स्तोत्र १३९ वाचा, मी कुठेही गेलो तरी तू तिथे आहेस, अधोलोकात अंथरूण टाकलं तरी आहेस. जवळ आहे, आत आहे, पण जग म्हणजे तो नव्हे, एवढीच रेघ.

गरज का, तर माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. देवाला जग करण्याची काही गरज नव्हती. त्याच्यात काही कमी होतं म्हणून केलं नाही, आपोआप त्याच्यातून ओघळलं असंही नाही. केलं नसतं तरी चाललं असतं आणि तरी केलं. म्हणजे मी असणं हे पूर्णपणे दान आहे. आमच्या सगळ्या भक्तीचं मूळ तिथे आहे, आभार मानणं. कृपा हा शब्द आम्ही तारणाच्या वेळी वापरतो पण खरी पहिली कृपा ही की मी आहे. तारण ही त्याच देणाऱ्याची पुढची देणगी. पौल एका ठिकाणी मेलेल्यांना जिवंत करणारा आणि जे नाही त्याला अस्तित्वात आणणारा असं एका दमात म्हणतो (रोम ४:१७), दोन कामं नाहीत ती. आणि दुसरं, वाईटाचं काय करायचं हा प्रश्न. जग म्हणजेच देव म्हटलं तर दुष्काळ, खून, अत्याचार हेही त्याचंच रूप म्हणावं लागतं असं आम्हाला वाटतं, आणि ते आमच्याच्याने म्हणवत नाही. रेघ आहे म्हणून हे देवाला नको होतं असं ओरडता येतं. तुमच्याकडे ह्याला उत्तरं आहेत हे मला माहिती आहे, मी आमची बाजू सांगतोय.

प्रेमाचं म्हणाल तर त्यात आपण लांब नाही. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचेच की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आपल्या इथल्या जलालपूरच्या.

नाशिकरोडची_ताई

इतका वेळ सगळे अभ्यासाचं बोलताय म्हणून मी थोडं घरातलं लिहिते. आमचं मूळ राहुरीकडचं, पणजोबांच्या वेळेला घराणं कॅथलिक झालं. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती लहान असताना गावात त्यांना विहिरीवर पाणी भरू द्यायचे नाहीत, कोणीतरी वरून ओतायचं, ओतलं तर. तिला फादरांनी जे काही शिकवलं असेल त्यातलं तिच्या डोक्यात एकच पक्कं बसलं होतं की देवाने माणूस आपल्या प्रतिमेचा केला. नर आणि नारी. उत्पत्ती १:२७, तिला आकडे नव्हते माहीत. आम्ही नातवंडं भांडलो, कोणी कोणाला काळी, बुटकी म्हटलं की ती ओरडायची, ‘कोणाच्या हातचं हाये ते बघून बोल!’ बास एवढंच. क्रूसावर येशू मेला ह्यावर ती रडायची, पण मान वर करून चालायला तिला शिकवलं ते ह्या गोष्टीने असं मला वाटतं. गावाने तिला जे सांगितलं होतं की तू अशीच जन्मलीस, तुझी जागाच ती, ते ह्या एका वाक्याने खोटं पाडलं.

म्हणून मला ते सहा दिवस की १३८० कोटी वर्षं ह्यात खरंच रस नाही, माफ करा. पण सर, पहिली ओळ गाळायची असेल तर आधी हे सांगा की त्या मुलीला उद्या कोणी जातीवरून, रंगावरून, मुलगी म्हणून कमी लेखलं तर ती कशाच्या जोरावर उलट बोलणार. येशू माझ्यासाठी मेला हे आहेच, पण तो का मेला माझ्यासाठी, मी काय किमतीची आहे म्हणून? त्याचं उत्तर पापातून नाही मिळत, ते त्याच्या आधीचं आहे. आणि हेही खरं की आपल्याच चर्चमध्ये लग्न ठरवताना लोक ही ओळ सोयीने विसरतात, त्यावर वर्ग घ्या एकदा, आईबापांचा.

द्राक्षवाला_निफाड

धागा लांबलाय पण ज्या गोष्टीवर कोणी बोललं नाही ती मी विचारतो कारण आमच्याकडे हा प्रश्न पुस्तकातला नसतो. ऑक्टोबर छाटणीपासून पोराबाळासारखी बाग जपायची, डावणी, भुरी असले रोग, थंडीत शेकोट्या, औषधांची उधारी डोक्यावर, मणी फुगले, साखर भरायला लागली की एका संध्याकाळी पंधरा मिनिटं गारा. घड खाली, पानांची चाळण, काड्यांना जखमा म्हणजे पुढच्या वर्षाचंही गेलं. त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये गेलो तर नेमकं गाणं कसलं, सृष्टी किती सुंदर. मी बाहेर येऊन उभा राहिलो. उत्पन्नकर्ता आहे ना, मग गारा कोणी उत्पन्न केल्या? तुमच्या नववीच्या मुलीचा हा पुढचा प्रश्न असणार आहे सर, तयारी ठेवा.

मला जे थोडंफार मिळालं ते बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात. त्याचं सगळं गेल्यावर मित्र येऊन लेक्चर देतात की तुझं काहीतरी पाप असेल. (आमच्याकडेही आले असे, प्रार्थनेला कमी पडलास म्हणणारे.) शेवटी ३८ व्या अध्यायात देव वावटळीतून बोलतो आणि काय बोलतो तर उत्तर देतच नाही! मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, समुद्राला दारं कोणी लावली, आणि त्यात गारांची कोठारं तू पाहिलीस का हेही आहे, ३८:२२. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला. मग नंतर नंतर वाटायला लागलं की देव त्याला निदान तुझ्या पापामुळे झालं असं म्हणत नाही. उलट त्या मित्रांनाच झापतो. जग आपल्या बागेपुरतं नाही, जिथे माणूस नाही त्या रानातही तो पाऊस पाडतो असं तिथे लिहिलंय. ह्याने माझं कर्ज फिटलं नाही. पण ज्याच्यावर ओरडायचं तो आहे, आणि ओरडलेलं त्याला चालतं, एवढं कळलं. कोणीच नसतं तर गारा पडल्यावर ओरडायचं कोणावर, विमा कंपनीवर?

काका म्हणतात ते करंटचं मला बागेत पटतं. छाटणी माझी, पाणी माझं, डिपिंग माझं, पण डोळा फुटायचा तो माझ्या हातात नाही. पौल म्हणतो मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, पण देव वाढवत गेला. हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

आणि त्यावरून एक, पृथ्वीवर सत्ता चालवा हे उत्पत्तीतलं वचन घेऊन आपल्या लोकांनी जमिनीचं वाटोळं केलं असं १९६७ ला लिन व्हाइट नावाच्या इतिहासकाराने लिहिलं होतं, ते आमच्या फादरांनी एकदा शिबिरात सांगितलं आणि मग २०१५ चं पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं पत्र वाचून दाखवलं. उत्पत्ती २:१५ मध्ये माणसाला बागेत ठेवलं ते मशागत करायला आणि राखण करायला. मालक वेगळा आहे हे ज्याला मान्य आहे त्याने औषध किती मारायचं आणि गोदावरीत काय सोडायचं ह्याचा हिशोब द्यावा लागतो. स्तोत्र २४, पृथ्वी परमेश्वराची आहे. सातबारा आपल्या नावावर असला तरी.

संडेस्कूल_सर, नाशिक

बापरे, मी दोन ओळींची अपेक्षा केली होती. सगळ्यांचे आभार. आता प्रॉब्लेम असा की चाळीस मिनिटांचा वर्ग असतो आणि त्यातली दहा मिनिटं हजेरी आणि खाऊत जातात.

ठरवलंय ते असं. ह्या रविवारी महास्फोट काढणारच नाही. ताईंच्या आजीचं वाक्य (चालेल ना ताई? नाव गाव सांगणार नाही) आणि काकांचा मार्कियन, की असा एक माणूस होता ज्याने ही ओळ गाळून बघितली आणि मग त्याला काय काय गाळावं लागलं. हे पोरांना आवडेल, गोष्ट आहे म्हणून. मग पुढच्या वेळी सगळ्यांना सिन्नरला घेऊन जायचं, दगड बघायला. वचनावर_उभा दादा, तुमची बाजू मी सांगेन, कारण वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी तेच मानतात आणि त्यांना वाटायला नको की सर आमच्या आईला चुकीचं म्हणतायत. गारांचा प्रश्न मात्र मी पाळकसाहेबांकडे ढकलणार आहे. किंवा निफाडवाले दादा तुम्हीच या एका रविवारी?

वचनावर_उभा

सर चालेल, आणि म्युझियमला मीपण येतो, मुलांवर लक्ष ठेवायला माणूस लागेलच. दगड देवाचेच आहेत.

नाशिकरोडची_ताई

सांगा की. फक्त ‘हाये’ तसंच म्हणा, ‘आहे’ करू नका.

द्राक्षवाला_निफाड

आता छाटणी चालू आहे, मजूर मिळाले की सुटायचं नाही. नाताळच्या आधी जमवतो.

त्र्यंबकरोडचा_वारकरी

काका, ते ईयोब वाचायचं आहे, मराठीत कोणतं घेऊ? आणि डायरेक्ट ३८ वा अध्याय वाचला तर कळेल का?

शरणपूररोडचे_काका

बायबल सोसायटीचं घ्या, सहज मिळतं. डायरेक्ट ३८ नको. आधी १ आणि २, मग ३, मग मधली मित्रांची भाषणं कंटाळा आला तर चाळा पण १९ वा सोडू नका, आणि मग ३८ ते ४२. माझ्याकडे जादा प्रत आहे, शरणपूर रोडला कधी आलात तर मेसेज टाका, चहाही होईल.